रिकाम्या चाळीचं गणित

चांदवडला एप्रिल म्हणजे उन्हाळ कांद्याच्या काढणीचा महिना, आणि आमच्या फॅब्रिकेशनच्या शेडसाठी कांदाचाळींच्या ऑर्डरींचा. मी मेकॅनिकलचा पदवीधर. दिवसभर लोखंड कापणं, जोडणं, उभं करणं हे पोटाचं काम. गेलं वर्षभर त्याच्या अलीकडे-पलीकडे मी एफईए शिकतोय, म्हणजे एखाद्या वस्तूवर भार आला की ती कुठे किती वाकेल, कुठे किती ताण येईल, हे संगणकावर काढायची विद्या. सगळं मुक्त सॉफ्टवेअरवर. या महिन्यातल्या एका दिवसाची ही नोंद.

पहाटे 5.00

गजर होतो तेव्हा चांदवडच्या किल्ल्याचा डोंगर अजून काळाच असतो. मुंबई-आग्रा महामार्गावरून ट्रक चालू असतात, बाकी सगळं शांत. चहा घेऊन मी वही उघडतो. लॅपटॉपला अजून हात लावायचा नाही, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम. आधी उत्तर हातानं काढायचं, वहीत लिहून त्याखाली रेघ मारायची, मगच संगणकाला विचारायचं.

आजचं गणित जुनंच आहे. एक मीटर लांबीचा, 50 मिलिमीटर चौरस पोलादी गज. एक टोक भिंतीत पक्कं, दुसऱ्या टोकावर 1000 न्यूटन, म्हणजे साधारण शंभर किलोचा भार. टोक किती खाली येईल? पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक 2 लाख मेगापास्कल धरला की सूत्रातून 3.2 मिलिमीटर येतात. भिंतीजवळचा सर्वांत मोठा ताण 48 मेगापास्कल. दोन्ही आकडे लिहिले. रेघ मारली.

पहाटे 5.40

आता लॅपटॉप. आठ जीबी मेमरीचा, वापरलेला घेतलेला. फ्रीकॅडमध्ये गज काढला, जीमेशनं त्याची जाळी पाडली आणि गणित कॅल्क्युलिक्सकडे दिलं. तिन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि त्यांचा आतला कोडही कुणालाही वाचता येतो.

एफईएची कल्पना मला बाजेवरून समजली. विणलेल्या बाजेवर माणूस एका जागी बसला तरी सगळी वीण थोडी थोडी हलते. प्रत्येक गाठ किती खाली जाईल हे तिच्या शेजारच्या गाठींवर ठरतं. एफईएमध्ये वस्तूचे असेच छोटे तुकडे पाडतात. तुकडा म्हणजे एलिमेंट, गाठ म्हणजे नोड. घन वस्तूत प्रत्येक गाठीला तीन दिशांनी हलता येतं, म्हणून गाठीमागे तीन समीकरणं. पन्नास हजार गाठी असतील तर दीड लाख समीकरणं, आणि ती एकदम सोडवायची.

पहिल्या खेपेला मी मुद्दाम चार गाठींचे साधे चतुष्फलक घेतले, गजाच्या जाडीत एकच थर. वाक 3.2 च्या निम्म्याच्याही आत आला. संगणकानं कुठलीही तक्रार केली नाही. निळ्यापासून लालपर्यंत रंगांचं सुरेख चित्र दाखवलं, फक्त ते चुकीचं होतं. चार गाठींच्या तुकड्याला आतून वळताच येत नाही. त्याच्या पोटात सगळीकडे एकसारखाच ताण असतो, त्यामुळे तो वाकायला नको तितका विरोध करतो. दुसऱ्या खेपेला प्रत्येक कडेच्या मध्यावर आणखी एक गाठ असलेले, दहा गाठींचे चतुष्फलक घेतले. वाक 3.2 ला येऊन भिडला.

वहीत 3.2 लिहिलेलं नसतं, तर पहिलं चित्र मी खरं मानलं असतं. पहाटेचा तास मी यासाठीच राखून ठेवतो.

सकाळी 8.00

शेडमध्ये कटर सुरू झाला. आज दोन चाळींच्या कैच्या तयार करायच्या आहेत. आमचे नाना तीस-पस्तीस वर्षं वेल्डिंग करताहेत. गुण्या लावून ते कोपरा तपासतात, एका बाजूला टाका मारतात, लगेच समोरच्या बाजूला दुसरा. एकाच बाजूनं पूर्ण वेल्ड ओढला, तर थंड होताना धातू आकसतो आणि सगळी चौकट त्या बाजूला खेचली जाते. नानांना हे कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. माझ्या संगणकातल्या खांबाला मात्र वेल्डही ठाऊक नाही आणि आकसणंही नाही. तिथे लोखंड सुरुवातीपासून सरळ आणि निवांत असतं. मॉडेल सोडवताना मी हा फरक वहीत लिहून ठेवतो, कारण जे मॉडेलमध्ये घातलं नाही त्याबद्दल उत्तरात एक अक्षरही येत नाही.

सकाळी 11.00

वडाळीभोईच्या बाजूला एका शेतावर माप घ्यायला गेलो. कांदा काढून पातीखाली झाकून ठेवलेला, बायका कात्रीनं पात कापत बसलेल्या. चाळीची जागा बांधाजवळ, वारा मोकळा मिळावा अशी. कांद्याला हवा खेळती लागते, म्हणून चाळ उघड्यावर आणि जमिनीपासून उचललेली हवी. थराची उंची पाच फूट, रुंदी चार फूट.

मालक काका माप धरता धरता म्हणाले, "दादा, खांब जाड घ्या. कांद्याचं वजन लई असतं."

वजन असतंच. घनमीटरला 600 किलो धरले तर पाच फुटांच्या थराखाली तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर नऊशे किलो येतात. कांदा बाजूच्या पट्ट्यांनाही ढकलतो. ढिगाचा कोन 30 अंश धरला तर तळाशी उभ्या दाबाच्या एक तृतीयांश, म्हणजे तीनशे किलो, आडवे. हे मी काकांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पण मी एक पाहिलंय बघा. वळवाच्या वादळात भरलेली चाळ तग धरते. रिकामीच उडते."

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं.

दुपारी 1.30

शेडच्या मागे कडुलिंबाखाली जेवण. भाकरी, ठेचा, कांदा. जेवण झालं की अर्धा तास वाचायचं. माझ्याकडे 'प्रॅक्टिकल फायनाइट एलिमेंट ॲनॅलिसिस' आहे. नितीन गोखले, संजय देशपांडे, संजीव बेडेकर आणि आनंद थिटे यांचं हे पुस्तक पुण्यातून 2008 मध्ये निघालं. कारखान्यात काम करणाऱ्यासाठी लिहिलेलं पुस्तक आहे. कोणता एलिमेंट कधी घ्यायचा, जाळी कुठे बारीक करायची, याची उत्तरं त्यात सापडतात.

ही विद्या जुनी आहे, हेही वाचनातूनच कळलं. रिचर्ड कूरांट यांनी 1943 मध्ये त्रिकोणी तुकडे पाडून गणित सोडवायची वाट दाखवली. 1956 मध्ये टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी विमानाच्या रचनेसाठी ती वापरली. 'फायनाइट एलिमेंट' हे नाव क्लफ यांनी 1960 मध्ये दिलं. विमानाच्या पंखासाठी तयार झालेलं गणित कांद्याच्या चाळीलाही तसंच लागू पडतं.

आज मात्र पुस्तक बाजूला ठेवलं, कारण काकांचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. भारतीय मानक 875 चा तिसरा भाग वाऱ्यासाठी आहे, 2015 ची आवृत्ती. त्यात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर दिला आहे. म्हणजे ताशी 140 किलोमीटर. दाब काढायला वेगाच्या वर्गाला 0.6 नं गुणायचं. 913 न्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला 93 किलो. मानकात यानंतर बांधकामाचं आयुष्य, उंची, भोवतालची जमीन, छताचा उतार आणि मोकळ्या बाजू यांचे गुणक लावायचे असतात. पहिल्या अंदाजाला मी सगळे एक धरले.

आता छताचं वजन. पत्रा आणि पर्लिन, म्हणजे पत्र्याखालचे आडवे गज, मिळून चौरस मीटरला दहा-बारा किलो. आणि वादळात वारा छताला वर ओढू शकतो तो नव्वदहून अधिक किलोंनी. खांब जाड केल्यानं कांद्याचा भार पेलेल. पण वादळात छत खाली येत नाही, ते वर जातं. एका खांबाच्या वाट्याला सहा चौरस मीटर छत येतं. म्हणजे एका खांबाला वर उपटणारं बल साडेपाचशे किलोंच्या वर, साधारण 5500 न्यूटन.

दुपारी 3.00 ते 6.00

पुन्हा काम. पाच खांबांच्या बेसप्लेटना, म्हणजे खांबाच्या तळाला जोडायच्या प्लेटना, भोकं पाडली, ग्राइंडर मारला, रंगाचा पहिला हात दिला. हे तास लिहिण्यासारखे नाहीत. पण प्लेट हातात घेतल्याशिवाय पडद्यावरची प्लेट मला खरी वाटत नाही.

संध्याकाळी 6.30

घरी जाताना वाट वाकडी करून रंगमहालावरून गेलो. अठराव्या शतकातला होळकरांचा वाडा, अहिल्याबाईंच्या नावानं गावाला अभिमान देणारा. मला त्यातले लाकडी खांब पाहायचे होते. जुन्या वाड्यांत खांब दगडी तळखड्यावर नुसता टेकलेला असतो. त्याला ना बोल्ट, ना अँकर. इतकी वर्षं तो उभा राहतो, कारण वर लाकूड, माती, कौलं यांचं जडशीळ छत असतं. ते खांबाला सतत खाली दाबून धरतं. वाऱ्याला ते उचलता येत नाही.

आपण छत हलकं केलं, पत्र्याचं केलं. ते चांगलंच झालं, शेतकऱ्याला परवडलं. पण वजनासोबत खांबाला धरून ठेवणारा हातही गेला. ती धरून ठेवायची जबाबदारी आता खालच्या बोल्टवर आणि पायावर आली आहे.

रात्री 8.15

जेवण उरकून पुन्हा टेबलाशी. एसएनजेबीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारी गल्लीतली दोन मुलं आठवड्यातून दोनदा माझ्याबरोबर बसतात. आजही आली. "दादा, आज काय सोडवायचं?"

बेसप्लेट. 200 मिलिमीटर चौरस, 6 मिलिमीटर जाड. मधोमध 75 चा चौकोनी पाइप, चार कोपऱ्यांत चार बोल्ट, दोन बोल्टमधलं अंतर 150. पाइप 5500 न्यूटननं वर ओढायचा. आधी वही. प्रत्येक बोल्टवर 1375 न्यूटन. बोल्टच्या रेषेपासून पाइपच्या कडेपर्यंत 37.5 मिलिमीटर. त्या कडेवर प्लेट वाकते असं धरलं तर ताण 86 मेगापास्कल. साधं पोलाद 250 ला कायमचं वाकू लागतं. म्हणजे प्लेट तगायला हवी. रेघ.

मग फाइल. कॅल्क्युलिक्सची इनपुट फाइल मी मुलांना साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून दाखवतो. वर गाठींची यादी, मग तुकड्यांची, मग पदार्थ, मग कुठे बांधलं आणि कुठे ओढलं. ओळ न् ओळ वाचता येते. 1998 मध्ये म्युनिकच्या एमटीयू या विमान-इंजिन कंपनीत काम करणाऱ्या गिडो डोंट आणि क्लाउस व्हिटिग यांनी हे सॉफ्टवेअर लोकांसाठी खुलं केलं. फ्रान्सच्या ईडीएफ या वीज कंपनीनंही स्वतःच्या प्रकल्पांसाठी बनवलेलं कोड-ॲस्टर 2001 मध्ये असंच खुलं केलं. बाजारातल्या अशा पॅकेजचा परवाना लाखांत जातो. तालुक्याच्या गावी रात्री साडेआठला टेबलावर बसून शिकायला मिळतं, ते अशा माणसांमुळे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ मराठीतूनही आहेत. मी मुलांना आधी तिकडेच पाठवलं होतं.

रात्री 9.00

पहिलं उत्तर आलं आणि प्लेट पाताळात गेली. वाक किलोमीटरांत. कारण दोन मिनिटांत सापडलं. एका मुलानं स्वतःचं वजन धरायला घनता 7850 घातली होती. कॅल्क्युलिक्सला एककं कळत नाहीत, त्याला फक्त आकडे कळतात. लांबी मिलिमीटरमध्ये आणि बल न्यूटनमध्ये घेतलं, तर वस्तुमान टनात मोजावं लागतं. पोलादाची घनता मग 7.85 गुणिले दहाचा उणे नववा घात. चूक एकावर बारा शून्यं इतकी. मोठी चूक डोळ्यांना दिसते म्हणून तिची भीती नाही. भीती असते ती सकाळच्या गजासारखी, चित्रात शोभून दिसणारी.

घनता सुधारून पुन्हा सोडवलं. पाइप प्लेटला मिळतो त्या आतल्या कडेवर 120 मेगापास्कल. जाळी निम्मी बारीक केली, 164. आणखी निम्मी, 225. मुलं घाबरली. "दादा, हे तर थांबतच नाही."

थांबणारही नाही. मॉडेलमधली ती आतली कडा पूर्ण टोकदार आहे. गणिताच्या दृष्टीनं अशा काटकोनी आतल्या कडेवर ताण अनंत असतो. जाळी निम्मी केली की आकडा दर वेळी सुमारे सदतीस टक्क्यांनी चढतो, हा त्या कोनाचाच गुण. खऱ्या प्लेटवर तिथे नानांच्या वेल्डची गोलाई आहे. त्या कडेपासून प्लेटच्या जाडीइतकं लांब सरकून ताण वाचला तर जाळी बदलली तरी आकडा फारसा हलत नाही, आणि प्लेटचा वाक तर मुळीच नाही. जे आकडे जाळीबरोबर पळतात त्यांच्यावर निर्णय घ्यायचा नाही, हे मुलांनी लिहून घेतलं.

मी त्यांना स्लाइपनर-ए ची गोष्ट सांगितली. नॉर्वेतल्या तेल-वायू उत्खननाच्या मंचाचा काँक्रीटचा प्रचंड तळ, 23 ऑगस्ट 1991 रोजी समुद्राच्या खाडीत चाचणी चालू असताना बुडाला. चौकशीत कळलं की एफईएच्या ढोबळ मॉडेलनं एका भिंतीतला कर्तनताण 47 टक्क्यांनी कमी दाखवला होता. नंतर नीट केलेल्या हिशेबात ती भिंत फुटणार हे दिसत होतं.

रात्री 9.50

शेवटची तपासणी मी कधीच सोडत नाही. बांधलेल्या गाठींवरची प्रतिक्रिया बलं मिळवून पाहायची. स्वतःचं थोडंसं वजन सोडलं तर बेरीज 5500 न्यूटन. वर जेवढं ओढलं तेवढंच बोल्टनी खाली धरलं. समतोल बरोबर. प्लेट सुरक्षित. चित्रात जवळपास सगळं निळं.

मुलं उठायला लागली. मी मात्र त्या 5500 कडे पाहत राहिलो. बोल्टनी हे बल धरलं ते कुणाच्या जोरावर? मॉडेलमध्ये मी भोकं 'पक्की' केली होती. शेतात ती कशाला पक्की आहेत? काँक्रीटच्या पायाला. पुन्हा वही ओढली. काकांच्या शेतावर ठरवलेला पाया दीड फूट चौरस, दोन फूट खोल. म्हणजे सुमारे 0.127 घनमीटर. काँक्रीट घनमीटरला 2400 किलो. पायाचं वजन 305 किलो. छत आणि खांबाचं वाटणीचं वजन धरलं शंभर. एकूण 405. वर ओढणारं बल 560 किलो.

प्लेट टिकेल, बोल्ट टिकतील, आणि अख्खा पाया खांबासकट उपटून येईल. चाळ भरलेली असेल तर आमच्या नमुन्यात तळाची चौकट खांबांनाच जोडलेली असते, त्यामुळे कांद्याचं वजन खांबाला धरून ठेवतं. रिकामी असेल तर धरायला कुणी नाही. आणि वळवाचं वादळ येतं तेव्हा, एप्रिल-मे महिन्यांत, चाळी अर्ध्या रिकाम्या असतात. काका सकाळी हेच सांगत होते.

रात्री 10.30

पाया दोन फूट चौरस आणि अडीच फूट खोल केला तर 0.283 घनमीटर, सुमारे 680 किलो. छत-खांबासकट 780. मातीची पकड मोजलेलीच नाही, ती वरची. काँक्रीट दुपटीहून जास्त लागेल, पण खांब आहे तोच पुरेल. हा हिशेब आणि रेखाचित्र उद्या नाशिकच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरांकडे तपासायला पाठवायचं, मानकातले सगळे गुणक लावून. त्यांची सही झाल्याशिवाय खड्डा खणायचा नाही.

जे कुणी ही विद्या शिकू पाहताहेत, त्यांना या दिवसातलं एवढंच सांगायचं आहे. सॉफ्टवेअर फुकट आहे, काही पाठ मराठीतही आहेत, जुना लॅपटॉप पुरतो. सोडवण्याचं बटण दाबायच्या आधी मात्र उत्तर वहीत लिहा. आणि ज्या ठिकाणी तुम्ही मॉडेल 'पक्कं' केलं, तिथे खऱ्या जमिनीवर त्याला कोण धरून आहे, हे प्रत्यक्ष जाऊन पाहा.